पांच रुपयांची सही

जुन्या नाण्यांचा किंवा टपालाच्या तिकिटांचा संग्रह करणारीं माणसें आपल्या परिचयाचीं असतात. पुस्तकांचा संग्रह करणारे त्या मानानें थोडे. आणि एकाच पुस्तकाच्या आरंभींच्या आवृत्त्या, त्याहि ग्रंथकाराच्या सहीच्या, हुडकीत हिंडणारे तर फारच विरळा. तथापि या नादास वर्धा जिल्ह्याइतकें अनुकूल क्षेत्र महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. १९३४ पासून १९४६ पर्यंत, तुरुंगवास व प्रवास यांचा काळ वगळतां, महात्मा गांधींचें बिऱ्हाड याच भागांत होतें. प्रथम वर्ध्यास, आणि ३० एप्रिल १९३६ पासून शेगांवीं. या शेगांवासच पुढें १९४० सालीं सेवाग्राम हें नांव मिळालें.

गांधींची सही फुकट मिळत नसे. हरिजन फंडासाठीं पांच रुपये ठेवावे, तेव्हां सही घ्यावी, असा शिरस्ता होता. पांच रुपये ही त्या काळीं मध्यम स्थितींतील गृहस्थास विचार करावयास लावणारी रक्कम होती. बहुतेकांनीं पुढें केली असेल ती वही. ग्रंथ पुढें करणारे थोडे, आणि म्हणूनच तसे ग्रंथ आज दुर्मिळ. सह्याहि एका वळणाच्या नाहींत. कोठें देवनागरी, कोठें गुजराती, कोठें इंग्रजी. कांहीं उजव्या हाताच्या, कांहीं डाव्या. उजवा हात थकला कीं ते डाव्यानें लिहीत. ‘हिंद स्वराज्य’ १९०९ च्या नोव्हेंबरांत बोटीवर लिहितांना त्यांनीं हेंच केलें होतें. तेव्हां दोन सह्या जुळत नाहींत एवढ्यावरून त्यांपैकीं एक बनावट ठरवूं नये.

ज्या पुस्तकाविषयीं येथें लिहावयाचें आहे तें ‘दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहाचा इतिहास’ हें होय. येरवड्याच्या तुरुंगांत २६ नोव्हेंबर १९२३ रोजीं त्याच्या लेखनास आरंभ झाला. गुजराती मूळ १९२४ व १९२५ सालीं दोन भागांत निघालें. वालजी गोविंदजी देसाई यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९२८ सालीं मद्रासच्या एस्. गणेशन् यांनीं प्रसिद्ध केलें, आणि त्याची दुसरी आवृत्ति नवजीवनतर्फे निघाली ती १९५० सालीं, म्हणजे ग्रंथकाराच्या निधनानंतर. हें सनावळीचें गणित संग्राहकानें पाठच करून ठेवावें. इंग्रजी प्रतीवर खरी सही असेल तर ती प्रत १९२८ ची मद्रासचीच असली पाहिजे. १९५० च्या प्रतीवरील ‘सही’ दाखवून कोणी किंमत सांगूं लागला तर त्यास नमस्कार करून घरीं परतावें. दुसरा एक घोटाळा निष्पाप असतो. नवजीवनच्या कित्येक पुस्तकांत वाचकांस उद्देशून लिहिलेल्या एका निवेदनाखालीं गांधींच्या सहीची छापील प्रतिकृति असते, आणि घरांतील मंडळी तीच खरी समजून वर्षानुवर्षें जपतात. भिंग घेऊन पाहिलें म्हणजे उलगडा होतो. टांकाच्या सहींत शाई कोठें दाटते, कोठें विरळ होते, आणि बहुधा कागदाच्या पाठीवरहि तिचा माग राहतो. छापील सहींत यांतलें कांहीं नसतें.

परंतु पुस्तक केवळ सहीसाठीं कपाटांत ठेवण्यासारखें नाहीं. त्याचा विषयच मुळीं देशांतर करून गेलेल्या हिंदी माणसांचा आहे. पहिली मजूरभरती घेऊन ‘ट्रुरो’ ही बोट १६ नोव्हेंबर १८६० रोजीं डर्बनला लागली. करारनाम्याच्या इंग्रजी शब्दाचें मजुरांच्या तोंडीं ‘गिरमिट’ झालें, आणि ज्यांना वाचतां येत नव्हतें त्यांनीं त्या कागदावर अंगठा उठवून आपल्या आयुष्याचीं पांच वर्षें लिहून दिलीं. मुदत संपल्यावरहि जे तेथें राहतील त्यांच्यावर १८९५ सालीं वर्षाला तीन पौंडांचा कर बसला. १९०६ सालीं ट्रान्सवालांत फर्मान निघालें कीं प्रत्येक हिंदी माणसानें दाही बोटांचे ठसे देऊन परवाना जवळ बाळगावा. १९०८ सालीं तडजोड झाली तींत शिकलेल्यांना व प्रतिष्ठितांना एक सवलत होती. त्यांनीं ठशांऐवजीं सही केली तरी चालणार होती. गांधी बॅरिस्टर, सवलत त्यांना सहज मिळाली असती. ती त्यांनीं घेतली नाहीं. १० फेब्रुवारीस नोंदणीसाठीं जात असतां मीर आलम या पठाणानें त्यांना रक्तबंबाळ केलें, तेव्हां अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनीं अधिकाऱ्यास बोलावून दहा बोटांचे ठसे दिले. सरकारनें शब्द पाळला नाहीं असें पाहून त्याच वर्षीं १६ ऑगस्टला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारांत दोन हजारांवर परवान्यांची होळी झाली. सहीच्या पानापुढें न जाणाऱ्या संग्राहकानें निदान एवढीं प्रकरणें तरी वाचावीं.

आमच्या भगिनींनीं १९१३ चें प्रकरण आवर्जून वाचावें. ख्रिस्ती विधीनें न झालेलें व सरकारदरबारीं न नोंदलेलें लग्न कायद्याच्या दृष्टीनें लग्नच नव्हे, असा निवाडा त्या वर्षीं मार्चमध्यें तेथील न्यायालयानें दिला. मुहूर्त, सप्तपदी, अक्षता सर्व व्यर्थ! कस्तुरबांच्या कानीं ही चळवळ गेली तेव्हां, मला यांतून कां वगळतां, माझ्यांत उणें काय, असें त्यांनीं पतीस विचारलें, आणि सप्टेंबरांत सरहद्द ओलांडून तीन महिन्यांची सक्तमजुरी पत्करली. मराठी वाचकांस गोखल्यांचा १९१२ चा दौराहि रुचेल. कोंकणी मुसलमान व थोडे महाराष्ट्रीय जमलेल्या सभेंत त्यांनीं मराठींत बोलावें असा गांधींनीं आग्रह धरला, आणि भाषांतरहि आपणच करूं म्हणाले. गोखले मोठ्यानें हंसले. गांधींच्या हिंदुस्थानीचा थांग त्यांना आधींच लागला होता! पण भाषण मराठींत झालें, आणि भाषांतरहि झालें.

ग्रंथकार वादग्रस्त होता व आहे, हें लपविण्याचें कारण नाहीं. १८९६ सालीं राजकोटास त्यांनीं याच विषयावर एक पुस्तिका छापली. वेष्टन हिरवें म्हणून ती ‘हिरवी पुस्तिका’. दहा हजार प्रतींच्या घड्या घालून पत्ते चिकटविण्यास आळींतलीं मुलें बोलाविलीं, आणि त्यांना मोबदला दिला तो वापरलेल्या टपाल तिकिटांचा. तिचा त्रोटक व विपर्यस्त सारांश तारेनें नाताळास पोहोंचला, आणि १३ जानेवारी १८९७ रोजीं डर्बनला उतरतांच गोऱ्यांच्या जमावानें त्यांना मारलें. या पुस्तिकेची मूळ प्रत हातीं येणें हें संग्राहकाचें परमभाग्य. मात्र त्याच वर्षीं मुंबईच्या सभेसाठीं लिहिलेल्या भाषणांत आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांविषयीं तुच्छतेचे शब्द आहेत. त्यावरून आज कडक टीका होते, आणि घाना देशांतील विद्यापीठानें २०१८ सालीं गांधींचा पुतळा आवारांतून हलविला. उलट १९२४ च्या इतिहासांत झुलू लोकांच्या देहसौष्ठवाचें व त्यांच्या भाषेच्या गोडव्याचें कौतुक आढळतें. माझ्या मतें दोन्ही पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवावीं; एकानें दुसऱ्याची मुरवत राखूं नये.

आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांत या पुस्तकांवर खरें संकट येतें तें वांटणीच्या वेळीं. भांडीं व दागिने मोजून घेतात, आणि पुस्तकांचा गठ्ठा ज्याच्या वांट्यास माळा येईल त्याचा. गुजराती इतिहासाचे दोन भाग दोन भावांकडे गेले कीं दोघांचीहि प्रत अपुरी. त्याहून वाईट म्हणजे सहीचें पान कापून चौकटींत बसविणें. तसें केल्यानें पुस्तक तर जातेंच, पण ती सही कोणत्या पुस्तकावर होती याचा पुरावाहि जातो. १९४८ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्रांत ब्राह्मणांचीं कित्येक घरें पेटलीं. घरें जळालीं तेथें पुस्तकें कशीं राहतील? जीं वांचलीं तीं तरी कात्रीपासून वांचावीं.

हल्लीं लिलावाचा मोह मोठा आहे. गांधींचे दक्षिण आफ्रिकेंतील स्नेही हर्मन कॅलनबॅक यांच्या संग्रहांतील पत्रें २०१२ सालीं लंडनला लिलावास निघालीं होतीं. भारत सरकारनें तीं आधींच विकत घेऊन स्वदेशीं आणलीं. घरच्या एका प्रतीस तसला भाव येणार नाहीं, आणि येईल या आशेनें दलालाच्या हातीं ती देऊं नये. त्यापेक्षां घरांतील वडील माणसांस आजच विचारावें: सही कोणीं घेतली, कोणत्या सालीं, बरोबर कोण होतें, पांच रुपये कोणीं दिले. उत्तर वेगळ्या कागदावर लिहून तो कागद पुस्तकाबरोबर ठेवावा. पुस्तकाच्या पानावर लिहूं नये. वऱ्हाड-नागपूरकडील उन्हाळ्यांत कागद लवकर कडक होतो, म्हणून पत्र्याच्या ट्रंकेंत न ठेवतां आंतल्या खोलींत, भिंतीपासून दूर, लांकडी कपाटांत ठेवावें. वेखंडाचे तुकडे फडक्यांत बांधून कोपऱ्यांत टाकावे, आणि पावसाळा संपतांच पानें सावलींत वाऱ्यास लावावीं.