माथेरानची गाडी आणि उतारावरचे पाणी

सुगी आटोपली, धान्य घरात आले, गुरांची जबाबदारी शेजाऱ्यावर सोपवली, की दोन दिवस घराबाहेर पडावे असे कोणालाही वाटते. देवदर्शनाला आपण जातोच. पण एकदा मुलाबाळांना घेऊन माथेरानला जा, असे मी गावोगावच्या शेतकरी मंडळींना सांगत असतो. तेथे थंड हवा आहे, दऱ्याखोऱ्यांचा देखावा आहे. पण शेतकऱ्याने खरी पाहावी ती डोंगर चढणारी छोटी गाडी. डोंगरउतारावर पाण्याशी कसे वागावे, याचा धडा तिच्या रुळांच्या दोन्ही बाजूंना मांडलेला आहे.

गाव कसे वसले?

माथेरान रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. ठाकूर, कातकरी मंडळींना हा डोंगर पूर्वीपासून ठाऊक होता. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट येथे चढून आले आणि त्यानंतर साहेबलोकांचे बंगले उठू लागले. पायथ्याच्या नेरळपर्यंत आगगाडी आली, तरी पुढची चढण पायी, घोड्यावर नाहीतर पालखीतूनच करावी लागे.

मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ही अडचण दूर केली. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली लोहमार्गाचे काम सुरू केले आणि १९०७ साली गाडी धावू लागली. त्या काळी या कामाला सोळा लाख रुपये लागले.

याच माथेरानात १९१२ साली भाई कोतवाल जन्मले. वकिली शिकलेला हा माणूस डोंगराखालच्या गरीब कुळांसाठी झिजला. पोटाच्या धान्यापायी जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. बेचाळीसच्या लढ्यात ते भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. हिराजी पाटील त्यांच्याबरोबरच धारातीर्थी पडले. माथेरानला गेल्यावर मुलांना ही हकिकत जरूर सांगावी.

गाडी डोंगर कशी चढते?

दोन रुळांतले अंतर अवघे दोन फूट. नेरळ ते माथेरान लोहमार्ग २१ किलोमीटरचा आहे. मोटाररस्ता आणि पुढची पायवाट मिळून अंतर याच्या जवळजवळ निम्मेच भरते. मग गाडी एवढा वळसा का घेते? कारण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार मोठा चढ चढू शकत नाही, ते घसरते. येथला मोठ्यात मोठा चढ विसास एक आहे, म्हणजे वीस पावले पुढे गेल्यावर एक पाऊल वर. म्हणून गाडी डोंगराच्या अंगाला चिकटून, कड्याकडेने वळत वळत जाते. घोड्याच्या नालासारखे एक मोठे वळण आहे, आणि वाटेत एकच लहानसा बोगदा लागतो.

आरंभीची चार वाफेची इंजिने जर्मनीहून आणली होती. वळण तीव्र असल्याने ताठ चाकांचे इंजिन अडले असते, म्हणून पुढची व मागची चाके थोडी वळतील अशी त्यांची रचना होती. पुढे डिझेलची इंजिने आली. गाडीला वर पोचायला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. घाई असणाऱ्याचे ते वाहन नव्हे. पण सावकाश गेल्यामुळेच बघायला सापडते.

खरा शत्रू पाणी

या डोंगरावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत प्रचंड पाऊस कोसळतो. माथ्यावर तांबडी माती आणि जांभा दगड, खाली काळा पाषाण. पाणी माथ्यावरून निघाले की रुळांची पट्टी त्याच्या वाटेत आडवी येते. नेमके आपल्या उतारावरच्या बांधासारखे! पाण्याला वाट मिळाली नाही तर ते रुळाखालची खडी-माती घेऊनच जाते.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने हा मार्ग असा उखडला की गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडले. २०१९ च्या पावसात पुन्हा जागोजागी मार्ग वाहून गेला. त्यानंतर नेरळपासून थेट गाडी निघाली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. दुरुस्तीत नुसते रूळ बदलून भागले नाही. पाण्यासाठी गटारे काढावी लागली, जाळीत दगड भरून गॅबियनच्या भिंती घालाव्या लागल्या. पाणलोटाच्या कामात आपण ओढ्यावर गॅबियन बंधारा घालतो, त्याच जातीचे हे काम.

गाडीत डोंगराच्या बाजूला बसा आणि तीन गोष्टी पाहा. वरून येणारे पाणी रुळाला समांतर चरात कसे धरले आहे, ते मोरीतून रुळाखालून पलीकडे कसे काढले आहे, आणि जेथे झाडी शाबूत आहे तेथे दरड कशी टिकून आहे. आपल्या हलक्या, उताराच्या जमिनीतही हेच करायचे असते. पेरणी उताराला आडवी करा, पाणी समपातळी चरात अडवा, जास्तीचे पाणी दगडी सांडीवरून काढून द्या आणि बांधावर गवत व झाडे वाढवा. बांध घातला आणि सांड ठेवली नाही, तर तो बांध पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो आणि बरोबर वीतभर माती नेतो. रेल्वेला रूळ पुन्हा टाकता येतात, पण गेलेली माती आपल्या हयातीत परत येत नाही.

जाणाऱ्यांसाठी

नेरळ हे मुंबई-कर्जत लोकलवरचे स्टेशन. पुण्याकडून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून लोकल धरावी. नेरळहून वर जाणारी गाडी पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, बंद ठेवतात. अमन लॉज ते माथेरान एवढी लहान फेरी हवामान पाहून पावसाळ्यातही चालते. डबे छोटे असल्याने जागा थोड्या, म्हणून तिकिटाची चौकशी आधी करावी. मोटारीने गेलात तर दस्तुरीला उतरावे लागते. तेथून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर. माथेरान २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरले आहे, वर खासगी मोटारींना मज्जाव आहे. नगरपरिषदेचा प्रवासी कर द्यावा लागतो. चांगल्या चपला-बूट घाला, माकडांपासून शिदोरी सांभाळा. उन्हाळ्यात आदिवासी बाया द्रोणांत करवंदे-जांभळे विकतात, ती घासाघीस न करता घ्यावीत.

आणि परतल्यावर, पहिला जोराचा पाऊस लागला की इरले पांघरून मुलांसह आपल्या बांधावर जा. पाणी कोठून येते, कोठे साचते, कोठून फुटू पाहते, तेथे खुणेचे दगड ठेवा. पाऊस उघडल्यावर सांड घालायची ती तेथेच.