माईक घ्या आणि गोष्ट सांगा!

मीरा रोड-भाईंदरच्या सोसायट्यांत वाढदिवस असो, डोहाळजेवण असो की कोजागिरी, केक किंवा मसाला दूध आटोपलं की चाकांचा स्पीकर बाहेर येतो. कुणीतरी फोनवरून ट्रॅक लावतं, टीव्हीवर शब्द झळकतात आणि माईक फिरू लागतो. पहिला तास किशोर-रफीचा, हे ठरलेलंच. मराठी गाण्याची पाळी येईपर्यंत निम्मी मंडळी ताट घेऊन बसलेली असतात.

हा क्रम उलटा व्हायला हवा. गोष्ट सांगणाऱ्या गाण्यांची मराठीत रेलचेल आहे आणि कराओकेला गोष्टीसारखं दुसरं काही चालत नाही. वाद्यांचं काम ट्रॅक करतो, गोष्ट मात्र गाणाऱ्यालाच सांगावी लागते. पुढे काय झालं हे ऐकायला कान टवकारले असले, की एखादा सूर इकडेतिकडे झालेला कुणी मनावर घेत नाही.

पेटंट घ्यायचं राहूनच गेलं

आधी या यंत्राचीच गोष्ट. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए हा वादक बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. एका बड्या गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं, पण इनोउएला जाणं जमेना. त्याने साथीची वाद्यं टेपवर भरून दिली. त्यातूनच 1971 मध्ये नाणं टाकून चालणारं यंत्र तयार झालं. त्याने सुरुवातीला अशी 11 यंत्रं बनवून भाड्याने दिली, पेटंट मात्र घेतलं नाही. 2004 मध्ये त्याला गमतीदार संशोधनासाठीचा इग नोबेल मिळाला, तोही चक्क शांततेचा! लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल. वरच्या मजल्यावरच्या काकांचा तिसरा अंतरा ऐकताना हे जरूर आठवावं.

जपानमध्येच शिगेइची नेगिशी यांनी त्याच्याही आधी, 1967 मध्ये, असं यंत्र बनवलं होतं. ऑफिसात त्यांच्या गुणगुणण्याची थट्टा झाली आणि त्यांनी ती मनावर घेतली!

भातुकलीत इतकं दुःख?

‘भातुकलीच्या खेळामधली’ हे माझ्या मते मराठी कराओकेचं पहिलं गाणं असावं. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल यशवंत देवांची, आवाज अरुण दाते यांचा. खेळातले राजा-राणी, अर्ध्यावर मोडणारा डाव आणि राजाला उत्तर न देता दूर जाणारी राणी. तीन-चार मिनिटांत पूर्ण शोकांतिका! पट्टी फार वर जात नाही, ताना नाहीत, म्हणून नवख्यांनाही पेलतं. पथ्य एकच. रडवं गायचं नाही. शेजारी बसून सांगितल्यासारखं म्हणायचं, कारण दाते तसंच म्हणतात. माईकचा एको कमी ठेवा, नाहीतर राजाचा प्रश्न विहिरीतून आल्यासारखा वाटतो.

दाते मूळचे इंदूरचे आणि शिक्षणाने टेक्स्टाइल इंजिनिअर. कित्येक वर्षं ते नोकरी सांभाळून गायले. चर्चगेट लोकल पकडणाऱ्या आपल्या हौशी गायकांना तेवढाच धीर! त्यांचं ‘शुक्रतारा’ हे युगुलगीत श्रीनिवास खळ्यांचं. त्यातल्या सुधा मल्होत्रा म्हणजे हिंदीतल्या गायिका, ज्यांनी ‘दीदी’ (1959) या चित्रपटात एका गाण्याला चालही दिली. जोडीने गाणार असाल तर मुखडा आधी एकदा म्हणून बघा. नवऱ्याला सोयीची पट्टी बायकोला खाली जाते आणि अंतऱ्यात दोघंही अडकतात. ट्रॅक अर्धा-एक सूर वर-खाली करायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती वापरण्यात कमीपणा नाही.

खळ्यांचंच ‘श्रावणात घन निळा’ मात्र घरी भरपूर घोटल्याशिवाय घेऊ नये. अंतरा बदलला की चालही बदलते, आणि पडद्यावर फक्त शब्द दिसतात, चाल दिसत नाही.

संगीतकार कोण? समोरच्याच खुर्चीत!

दहिसर चेकनाक्याजवळ आपल्या शहराचं जे नाट्यगृह उभं राहिलं, त्याला लता मंगेशकरांचं नाव आहे. त्यांची संगीतकार म्हणून ओळख मात्र अजूनही कमी जणांना असते. ‘साधी माणसं’ (1965) या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटाला राज्य पुरस्कार मिळाले, तेव्हा संगीताचं पारितोषिक ‘आनंदघन’ यांना जाहीर झालं. हे आनंदघन म्हणजे इथे बसलेल्या लताबाईच, हे तिथे स्टेजवरून सांगितलं गेलं तेव्हा लोकांना कळलं. ‘ऐरणीच्या देवा’ याच चित्रपटातलं, जगदीश खेबुडकरांचं. लोहाराच्या घरातलं साधं मागणं आहे ते. ठेका इतका पक्का, की टाळी धरायला प्रेक्षकांना सांगावं लागत नाही. बायकांच्या ग्रुपने मिळून म्हणावं, फार खुलतं.

मराठी येत नाही? मग तर गाच!

2011 च्या जनगणनेतच मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर गेली होती. एकाच मजल्यावर गुजराती, मारवाडी, मल्याळी, उत्तर भारतीय घरं. ‘हमको मराठी गाना नहीं आता’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती ‘अश्विनी ये ना’ द्यावं. ते 1987 च्या ‘गंमत जंमत’मध्ये किशोरकुमारने गायलंय, अनुराधा पौडवाल यांच्यासोबत, अरुण पौडवाल यांच्या संगीतात. किशोरची लकब ओळखीची असली की शब्द आपोआप जिभेवर बसतात. ‘अपराध’ (1969) मधलं ‘सूर तेच छेडिता’ गाणारे महेंद्र कपूर पंजाबी.

आणि ‘जोगवा’मधलं ‘जीव रंगला’? हरिहरन आणि श्रेया घोषाल, दोघांचीही मातृभाषा मराठी नाही. 2008 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्तम गायक, सर्वोत्तम गायिका आणि सर्वोत्तम संगीत (अजय-अतुल) या तिन्ही मानांवर ‘जोगवा’ने नाव कोरलं. गाणं संथ आहे, म्हणून सोपं समजू नका. ओळींमधल्या मोकळ्या जागेत श्वास पुरवून वापरावा लागतो.

अजय-अतुल यांच्याच ‘सैराट’साठी (2016) वाद्यवृंद थेट हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत वाजला. ‘याड लागलं’च्या ट्रॅकमागे तेवढा मोठा ताफा ऐकू येतो, त्यामुळे पोरं भारावून अजयच्या मूळ पट्टीत सुरू करतात आणि वरच्या जागी गळा चिरकतो. पट्टी दोन सुरांनी उतरवा. वेड तेवढंच लागतं.

खरीखुरी शाहिरी

कथागीत म्हटलं की मराठी माणसाला पोवाडा आठवायलाच हवा. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकाळातला, म्हणजे आपली ही सवय साडेतीनशे वर्षांहून जुनी. पण सोसायटीच्या गच्चीवर एकच शाहिरी रचना घ्यायची झाली तर मी अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ घेईन. पोटासाठी मुंबईला आलेला कामगार गावी राहिलेल्या मैनेच्या आठवणीने तळमळतो. ऐकणारा विरहगीतात रमलेला असतानाच गाणं वळण घेतं आणि ती ताटातूट बेळगाव, कारवार, निपाणीची होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ही छक्कड. बायकोची आठवण आणि राज्याचा नकाशा एका गाण्यात बसवणारा दुसरा कवी मला तरी माहीत नाही. चांगला ट्रॅक मिळाला नाही तर डफ पुरे, आणि मागे झील धरायला दोघं दमदार मित्र.

लांब कथेची हौस असेल तर ‘गीतरामायण’ आहेच. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक अशी वर्षभरात 56 गीतं झाली. गदिमा लिहीत होते, बाबूजी चाली बांधत होते. रामनवमीला शेजारपाजारच्या घरांनी एकेक गीत वाटून घ्यावं.

उत्तनच्या दर्याला सलाम

शेवटी ‘मी डोलकर’. आपल्या शहराच्या पश्चिमेला उत्तन, पाली, चौक हे कोळीवाडे आहेत. होड्या आणि सुकत घातलेले बोंबील बघायला लांब जावं लागत नाही. तरीही भाईंदर स्टेशनजवळच्या पार्टीत हे गाणं कमीच ऐकू येतं, याचं मला वाईट वाटतं. शब्द शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आणि डोलकराचा खर्जातला आवाज हेमंतकुमारांचा, म्हणजे बंगाली माणसाचा! सोबत लताबाई. ज्यांना वरचे सूर झेपत नाहीत त्या जड आवाजाच्या काकांना हे गाणं म्हणजे हक्काची जागा. कोरसला अख्खी गच्ची घ्या. आणि दहाला स्पीकर बंद करायचा असतो, तेव्हा पावणेदहाच्या आत लावा. एकदा म्हणून कुणाचं भागत नाही, ‘वन्स मोअर’ला वेळ लागतो.