कालवांची पट्टी

पौष शुद्ध तृतीया. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. तिनाचे सव्वादोन ही भरती, म्हणजे त्यानंतर सहाएक तासांनी पूर्ण सुकती, साडेआठच्या आत-बाहेर. उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी लांबवर हटलेलं. पूर्णगडच्या बाजूला कालवं काढणाऱ्या बायका अशाच वेळी खडकांत उतरतात.

त्या इकडेतिकडे शोधत नाहीत, थेट एका पट्टीकडे जातात. तिच्या वरच्या कातळावर वाटाण्याहून लहान गोगलगायी भेगांत दाटीवाटीनं बसलेल्या, अंगातली ओल जाऊ नये म्हणून तोंडावरचं झाकण घट्ट लावून. मग पांढऱ्या, खरखरीत बार्नेकलचा थर. हा दिसतो शिंपल्यासारखा, पण कुळानं खेकड्या-कोळंबीचा. पाणी चढलं की पाय बाहेर काढून अन्न गोळा करतो. त्याखाली कालवं. आणि पार खाली, क्वचितच उघडं पडणारं तपकिरी शेवाळ.

"काकी, कालवं आणखी वर का नाहीत?" मी त्यांतल्या एकीला विचारलं.

"वर उन्हात करपतात ती."

"आणि अगदी खाली?"

उत्तरादाखल त्यांनी एक रिकामं कवच हातावर ठेवलं. त्याला टाचणीनं पाडावं तसं गोल भोक होतं. कालवं पोखरून खाणाऱ्या शिकारी गोगलगायीचं ते काम. ती पाण्याजवळ राहते.

स्कॉटलंडच्या कम्ब्रे बेटावर संशोधक जोसेफ कॉनेल यांनी हेच कोडं बार्नेकलच्या दोन जातींवर सोडवलं. वरच्या पट्टीतली जात खालीही जगू शकत होती. पण तिथली भराभर वाढणारी दुसरी जात तिला दाबून, उखडून टाकायची. कॉनेलनी ती शेजारीण खरवडून काढली, तेव्हा पहिली खाली छान टिकली. 1961 साली छापलेला हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. वरची हद्द बहुधा ऊन आखतं, खालची शेजारी आणि शिकारी.

आपल्या खडकांवर ही हद्द सरळ रेषेत नसते. सावलीच्या अंगाला कालवं वर चढलेली दिसतात, लाटांचे तुषार पोचतात तिथंही.

काकी वरचं कवच फोडून गर काढून घेतात. खालचं खडकालाच चिकटलेलं राहतं, ते उखडत नाहीत. कालवाचं पोहणारं पिल्लू एकदा चिकटलं की जन्मभर हलत नाही, आणि चिकटायला त्याला अशी जुनी कवचं आवडतात.