वाय-फाय हॉटस्पॉट आणि सिग्नल बूस्टर : एका देणगीच्या निमित्ताने

गेल्या शैक्षणिक वर्षात शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस होते. वसतिगृहातील अकरावीचा एक विद्यार्थी संगणक कक्षात बसून महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज भरत होता. केबलने आलेले इंटरनेट सुरळीत चालू होते आणि पृष्ठे झरझर उघडत होती. आधार पडताळणीचा टप्पा आला. नोंदणीकृत मोबाइलवर पाठवलेला ओटीपी भरावा, अशी सूचना पडद्यावर झळकली. तो मोबाइल चांदीकामाची दिवसाची मजुरी सोडून मुद्दाम आलेल्या त्याच्या वडिलांच्या हातात होता. परंतु जाड भिंतींआड आणि पत्र्याच्या छपराखाली त्यावर सिग्नलची एक रेघही नव्हती. वडील फोन घेऊन मैदानात धावले. तेथे संदेश आला. पण ते परतेपर्यंत मुदत संपली होती. असे तीन वेळा झाले.

हा प्रसंग माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत सांगितला, तेव्हा आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने तत्काळ स्वखर्चाने ‘सिग्नल बूस्टर’ बसवून देण्याची तयारी दर्शवली. त्याच बैठकीत एका पालकांनी विचारले, “शाळेत वाय-फाय आहेच ना? मग हा बूस्टर आणखी कशाला?” एकाच्या शब्दांत औदार्य होते, दुसऱ्याच्या शब्दांत काटकसर. मात्र वाय-फाय आणि मोबाइलचा सिग्नल ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत, असा समज दोन्हींच्या मुळाशी होता. पुरेशी माहिती घेतल्यानंतर आम्ही ती देणगी त्या स्वरूपात स्वीकारण्यास नम्रपणे नकार दिला. आपल्या माणसाला नकार द्यायचा, तर त्याची कारणे सर्वांसमक्ष सांगणे हे आमचे कर्तव्य ठरते. म्हणून हा लेख.

दोन वाटा

आपल्या हातातील फोनला बाहेरच्या जगाशी बोलण्याच्या मुख्यतः दोन वाटा आहेत. पहिली वाट मोबाइल कंपनीच्या मनोऱ्याकडे जाते. आवाजाचे साधे कॉल, एसएमएस आणि सिमकार्डवरील इंटरनेट या वाटेने ये-जा करतात. दुसरी वाट जवळच्या वाय-फाय यंत्राकडे जाते. त्या यंत्रामागे तार किंवा प्रकाशतंतूची केबल असते आणि त्यातून केवळ इंटरनेट येते.

संकेतस्थळ दुसऱ्या वाटेने उघडले, तरी ओटीपीचा एसएमएस सामान्यतः पहिल्याच वाटेने येतो. त्यामुळे एक वाट मोकळी आणि दुसरी बंद असली, की आमच्या संगणक कक्षात झाली तशी ओढाताण होते. पडद्यावर सारे जग उघडलेले असते, पण सहा अंकांचा निरोप दाराबाहेर अडतो.

या लहानशा निरोपाचे मोल आपल्या जिल्ह्याने फार पूर्वी ओळखले होते. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे उघडून ऊस उत्पादकांना आपल्या उसाचे वजन व हिशेब पाहता यावेत, अशी ती योजना होती. पुढे काही वर्षांनी त्यांपैकी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसद्वारे तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला आणि दोन ओळींचा निरोप बहुतेक कामाला पुरेसा ठरला. साधन किती मोठे आहे यापेक्षा ते नेमक्या गरजेला उतरते की नाही, हे पाहावे लागते.

हॉटस्पॉट : चौकातील नळ

सार्वजनिक वाय-फाय हॉटस्पॉट म्हणजे चौकातील सार्वजनिक नळ होय. नळ पाणी निर्माण करीत नाही. जलवाहिनीतून आलेले पाणी तो भोवतालच्या लोकांना वाटतो. तद्वत हॉटस्पॉट केबलमधून आलेले इंटरनेट काही मीटरांच्या परिघात बिनतारी लहरींनी वाटतो. केबलच कोरडी असेल, तर हॉटस्पॉटही कोरडा.

या वाटपासाठी प्रामुख्याने २.४ व ५ गिगाहर्ट्झचे लहरपट्टे वापरले जातात. कमी शक्तीच्या वापरासाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारत सरकारने २००५ मध्ये परवान्यातून मुक्त केला. ५ गिगाहर्ट्झमधील मोठा भाग २०१८ मध्ये खुला झाला. म्हणूनच शाळा, दवाखाना वा किराणा दुकान वेगळा लहर-परवाना न घेता वाय-फाय यंत्र लावू शकते.

आपल्या राज्यातील दोन उदाहरणे परिचित आहेत. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल व गुगल यांनी मोफत वाय-फाय सुरू केले आणि ती सेवा पुढे देशभरातील स्थानकांवर पसरली. जानेवारी २०१७ मध्ये राज्य शासनाने मुंबईत ५०० ठिकाणी हॉटस्पॉट कार्यान्वित केले. त्यानंतर ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेस मान्यता दिली. तिच्या अंतर्गत चहाच्या टपरीचा चालकसुद्धा ‘सार्वजनिक डेटा कार्यालय’ होऊ शकतो; त्यासाठी परवाना किंवा नोंदणी शुल्क लागत नाही. ज्या माजी विद्यार्थ्यांनी रात्री दर उतरण्याची वाट पाहत एसटीडी बूथसमोर रांगा लावल्या, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. तोच बूथ आता आवाजाऐवजी इंटरनेट वाटतो आहे, इतकेच.

येथे एक विसंगती ध्यानात ठेवावी. बहुतेक सार्वजनिक हॉटस्पॉट प्रवेशासाठी प्रथम मोबाइलवर ओटीपी पाठवतात. ज्या जागी सिग्नल शून्य, त्या जागी या नळाची चावी हाती येणेही कठीण. शिवाय अशा जाळ्यावर बँकेचे व्यवहार टाळावेत, ओळखीच्या नावाचे बनावट जाळे असू शकते याचे भान ठेवावे आणि ओटीपी अनोळखी माणसास कदापि सांगू नये.

बूस्टर : मुख्य वाहिनीला लावलेली मोटर

सिग्नल बूस्टर स्वतः इंटरनेट आणत नाही, तसेच नवा सिग्नलही निर्माण करीत नाही. त्याचे तीन भाग असतात. छतावरील अँटेना मनोऱ्याचा क्षीण सिग्नल पकडते, मधले यंत्र त्याची शक्ती वाढवते आणि आतील अँटेना तो खोलीत सोडते. फोनकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या लहरींनाही ते असेच बळ देते. ७० डेसिबलची वाढ म्हणजे मूळ शक्तीच्या एक कोटी पट, यावरून या यंत्राच्या ताकदीची कल्पना यावी.

हुपरीच्या वाचकांना येथे एक उदाहरण सहज पटेल. चांदी आटवताना आपला कारागीर खोट वेगळी काढतो. बूस्टरला ती विद्या अवगत नाही. सिग्नलसोबत आलेला गोंगाटही तो तितक्याच निष्ठेने वाढवतो आणि स्वतःचा थोडा गोंगाट त्यात मिसळतो. छतावर मुळातच सिग्नल नसेल, तर वाढवायला काही उरतच नाही.

खरा प्रश्न मात्र शेजाऱ्यांचा आहे. नळाला पाणी कमी आले, की एखादे घर मुख्य वाहिनीला थेट मोटर जोडते. त्या घराची टाकी भरते आणि पुढच्या साऱ्या गल्लीचे नळ कोरडे पडतात. बूस्टरचा परिणाम याच जातीचा आहे, केवळ रीत वेगळी. मोबाइलचा मनोरा एकाच वेळी दूरवरच्या शेकडो फोनांची कुजबुज ऐकत असतो. सामान्य फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅटच्या आसपास शक्ती वापरतो आणि मनोऱ्याच्या सूचनेनुसार ती कमी-जास्त करतो. अशा शांत सभेत एखादा निकृष्ट बूस्टर अखंड गोंगाट करू लागला, की मनोऱ्याला इतरांचे ऐकू येईनासे होते. त्यातच छतावरील व आतील अँटेना एकमेकींच्या फार जवळ असल्या, तर माइक कर्ण्यासमोर नेल्यावर जशी कर्कश शिट्टी वाजते, तशीच अवस्था लहरींची होते. ती शिट्टी आपल्या कानांना ऐकू येत नाही. परिसरातील कॉल तुटू लागतात एवढेच दिसते. त्या तुटलेल्या कॉलांपैकी एखादा रुग्णवाहिकेसाठीही केलेला असू शकतो.

आपल्या वसतिगृहातील मुलांची सोय व्हावी म्हणून भोवतालच्या वस्तीची गैरसोय करणे आम्हास प्रशस्त वाटले नाही.

कायद्याची बाजू

मोबाइलचे लहरपट्टे वाय-फायप्रमाणे खुले नसतात. कंपन्या ते लिलावात मोठी रक्कम देऊन घेतात आणि त्यावर प्रक्षेपण करण्याचा अधिकार त्यांचाच असतो. १८८५ चा तार अधिनियम आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र अधिनियम यांच्या काळापासून विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगण्यावर निर्बंध आहेत. आता या दोहोंची जागा २०२३ चा दूरसंचार कायदा घेत आहे. परवानाधारक सेवादात्यांखेरीज अन्य कोणत्याही व्यक्तीने वा संस्थेने मोबाइल बूस्टर बाळगणे, विकणे किंवा वापरणे बेकायदेशीर आहे, असे दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये जाहीरपणे स्पष्ट केले. यंत्र दुकानात किंवा ऑनलाइन मिळते, एवढ्यावरून ते लावणे वैध ठरत नाही. मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या संस्थेच्या छतावर असे यंत्र असणे शोभणारे नाही.

मग उपाय कोणता?

प्रथम आम्ही परिसराची पाहणी केली. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या स्थितीखाली सिग्नलची ताकद डेसिबल-मिलिवॅटमध्ये दिसते. हा आकडा ऋण असतो. उणे ८५ चांगला मानावा, उणे ११० च्या पलीकडे फोन चाचपडू लागतो. संगणक कक्षात सिग्नल जवळजवळ नाहीसा होत होता, तर उत्तरेकडील व्हरांड्यात तो पुरेसा होता. धातू रेडिओलहरी परतवून लावतो. पत्र्याचे छप्पर आणि सळयांचे काँक्रीट यांनी आमच्या कक्षाची जणू बंद पेटी केली होती. मनोऱ्याचा दोष नव्हता, आमच्या खोलीचा होता.

यातून साधा निष्कर्ष निघाला. वाय-फाय जिथे आहे तिथे मोबाइलचा सिग्नल ओढून आणण्यापेक्षा, सिग्नल जिथे येतो तिथे वाय-फाय नेणे सोपे, स्वस्त आणि कायदेशीर आहे. बूस्टर देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्याने हे म्हणणे मोठ्या मनाने मान्य केले. त्याच देणगीतून व्हरांड्यापर्यंत केबल ओढून एक वाय-फाय यंत्र बसवले, दोन बाके व एक टेबल मांडले आणि वसतिगृहात मुलांसाठी तारेचा दूरध्वनी घेतला.

दुसरा उपाय ‘वाय-फाय कॉलिंग’चा. यात फोन वाय-फायच्या वाटेने थेट आपल्या मोबाइल कंपनीपर्यंत पोहोचतो आणि नेहमीच्या क्रमांकावरून बोलणे होते. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये, जिओने जानेवारी २०२० मध्ये आणि व्हीआयने डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र-गोवा परिमंडळात ही सोय सुरू केली. फोन व कंपनी दोघांचीही साथ असेल, तर सेटिंगमध्ये एक कळ दाबणे पुरते. अनेक फोनांवर एसएमएसही याच वाटेने येतात. मात्र प्रत्येक फोनवर येतीलच असे नाही.

आणि साऱ्या परिसरातच सिग्नल क्षीण असेल, तर कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. आपल्या भागातील मनोऱ्यांची माहिती शासनाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर पाहता येते. इमारतीत लहान प्रक्षेपक वा अधिकृत वर्धक बसवण्याचा अधिकार कंपनीलाच आहे. तशी मागणी अनेकांनी मिळून केल्यास तिला वजन येते.

यंदा शिष्यवृत्तीचे अर्ज व्हरांड्यात भरले गेले. गेल्या वर्षी मैदानात धावलेले तेच पालक या वेळी मुलाशेजारी बाकावर बसले होते. फोन वाजला, त्यांनी सहा अंक सावकाश वाचून दाखवले, मुलाने ते भरले आणि अर्ज पुढे सरकला. दुपारच्या आत ते आपल्या कामावर परतले.

माजी विद्यार्थी, पालक आणि हितचिंतक या शाळेसाठी जे देतात, त्यामागील भावना आम्ही जाणतो. म्हणूनच एक विनंती करतो : एखादे यंत्र भेट देण्यापूर्वी ते नेमकी कोणती अडचण दूर करणार आहे आणि त्याचा भार कोणा शेजाऱ्यावर तर पडणार नाही ना, हे आपण सर्वांनी एकत्र बसून तपासावे. त्या चर्चेसाठी व्हरांड्यातील बाके आता मांडलेलीच आहेत.