पुराआधी शेजारच्या दारात

"२००५ साली पाणी आमच्या उंबऱ्याला लागलं नव्हतं," या भरवशावर २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगाकाठची कितीतरी माणसे घरातच बसली. पाणी जुन्या खुणेच्याही वर गेले.

शेतकरी बंधू-भगिनींनो, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. शेजाऱ्यांची विचारपूस करायची ती या चार फुटांत. पुढे वाटा पाण्याखाली जातात.

"काही लागलं तर सांगा" एवढे म्हणून परतू नका. एकट्या राहणाऱ्या आजी गोठ्यातली म्हैस सोडून निघणार नाहीत. आधी म्हैस उंचावर नेऊन बांधा. आजी मागोमाग येतील. त्यांची औषधे, चष्मा, रेशनकार्ड तुम्हीच पिशवीत भरा.

खूण भिंतीवर राहू द्या. भरवसा शेजारधर्मावर ठेवा.