यंत्राची अकारविल्हे

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. कुठल्याही ग्रंथालयात वाचक येतो तो दोन तऱ्हेचा. एकाला पुस्तकाचे नाव ठाऊक असते, दुसरा म्हणतो, “द्राक्षांवरच्या रोगावर काही आहे का हो?” म्हणून ग्रंथपाल नावांची यादी ठेवतो आणि विषयवारही ठेवतो.

संगणकाच्या आज्ञावलीचेही असेच आहे. एका मोठ्या आज्ञावलीत शेकडो लहान भाग असतात. एक व्याज काढतो, दुसरा तारीख तपासतो. लिहिणारा प्रत्येक भागाच्या डोक्यावर दोन ओळींची टीप लिहितो. मग ‘जावाडॉक’ किंवा १९९७ साली निघालेले ‘डॉक्सिजन’ अशी साधने त्या टिपा वेचून आपोआप संदर्भपुस्तिका तयार करतात. नोंदी लावायला माणूस बसत नाही. आणि नोंद असूनही सापडली नाही, तर दुसरा माणूस तोच भाग नव्याने लिहितो. मग एकाच खात्याचे व्याज दोन ठिकाणी दोन तऱ्हेने निघू लागते!

नुसता नावाचा क्रम किती फसवतो पाहा. कागदपत्र ‘उघडणे’, मग ‘वाचणे’, मग ‘बंद करणे’ हा कामाचा क्रम. अकारविल्हे लावलीत की वाचण्याआधीच बंद! म्हणून डॉक्सिजनमध्ये लेखकाने लिहिलेला क्रम तसाच ठेवण्याची सोय आहे. दुसरी अडचण, साऱ्या नावांना एकच उपसर्ग असतो. गावाच्या यादीत प्रत्येकामागे ‘श्री.’ लावून अक्षरे लावली, तर सगळा गाव ‘श’मध्येच जमायचा. तो उपसर्ग वगळून सूची लावा, असेही यंत्राला सांगता येते. विषयाचे गट मात्र लेखकानेच टिपेत लिहावे लागतात. ते यंत्राला कसे कळणार?

आता मराठीची गोष्ट. यंत्राला अक्षर कळत नाही, अक्षराचा क्रमांक कळतो. इंग्रजीत मोठ्या ‘झेड’चा क्रमांक ९० आणि लहान ‘ए’चा ९७, म्हणून नुसत्या क्रमांकांनी लावले तर मोठा ‘झेड’ आधी येतो. ‘इयत्ता १०’ही ‘इयत्ता २’च्या आधी बसते, कारण यंत्र पहिला १ पाहते. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. ‘क्ष’ला तर स्वतंत्र क्रमांकच नाही, तो क, हलन्त आणि ष असा तीन तुकड्यांत साठवला जातो, म्हणून ‘क’ची सगळी बाराखडी संपल्यावर आणि ‘ख’च्या आधी पडतो. गुरुजी पटाच्या शेवटी ‘क्षीरसागर’ शोधतात, सापडत नाही, आणि मुलाचे नाव पुन्हा चढते.

‘क्ष’ला ‘क’मध्ये घालणे तर्काला सोडून आहे असे मी म्हणणार नाही. पण घातले आहे, हे पहिल्या पानावर छापावे. वाचकाने ओळखायचे तरी कशावरून?

भाषावार क्रमाचे नियम युनिकोडवाल्यांनी करून ठेवले आहेत. ते वापरायला यंत्राला सांगावे लागते एवढेच. शाळेत संगणक असेल तर कौल, क्षण, खडू, मळा, मसाला हे शब्द उलटसुलट लिहून क्रम लावायला सांगा. ‘मळा’ जर ‘मसाल्या’च्या आधी आला, तर मराठीचा नियम लागलेला नाही असे समजावे.