रंगमंचावरचे ढग, जपून

गॅदरिंगच्या नाचात पायांशी तरंगणारे ढग हवे असतील तर कोरडा बर्फ, म्हणजेच ड्राय आइस, गरम पाण्यात सोडतात. हा गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तापमान उणे 78.5 अंश सेल्सिअस. तो वितळत नाही, थेट वायू होतो. दिसणारे धुके मात्र त्या वायूचे नव्हे, गारठ्याने वाफेचे झालेले बारीक थेंब असतात. पाणी गार पडले की धुके ओसरते, म्हणून गरम पाण्याची दुसरी बादली विंगेत, मुलांच्या वाटेबाहेर तयार ठेवावी.

खरी काळजी वायूची. 1 किलो बर्फातून सुमारे 500 लिटर वायू निघतो आणि हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे ‘ढगात झोपलेली परी’ कितीही गोड दिसली, तरी ते दृश्य गाळाच. बालवाडीची मुले तर या ढगांपासून लांबच बरी. दारे-खिडक्या उघड्या हव्यात. तळघरातल्या हॉलमध्ये हा प्रयोग नकोच. कोणाचे डोके दुखू लागले, धाप लागली, तर त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे.

तुकडे मोठ्यांनीच हाताळावेत, जाड कोरडे हातमोजे आणि चिमटा घेऊन. उघड्या हाताला भाजल्यासारखी जखम होते. घट्ट झाकणाच्या बाटलीत तो कधीही कोंडू नये, दाबाने ती फुटते. आणताना थर्माकोलची पेटी, झाकण सैल, गाडीच्या काचा खाली. धुक्याने रंगमंच निसरडा होतो. अनवाणी नाचणाऱ्यांसाठी नाच संपताच तो पुसून घ्यावा.